सिस्टरचं पहिलं ऑपरेशन

"टक्."

आवाज एवढासाच झाला. पण स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या सिस्टरची सुरी जागच्या जागी थांबली. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला नुसत्या आवाजावरून कळतं, काय पडलं, काय सांडलं आणि काय मोडलं. हा मोडल्याचा आवाज होता.

"काय झालं हो?"

व्हरांड्यातून उत्तर आलं नाही. म्हणजे नक्कीच काहीतरी झालं होतं. सिस्टर सुरी हातात तशीच घेऊन बाहेर आली. तिचे यजमान बैठ्या स्टुलावर बसले होते. समोर त्यांची मोटारसायकल, तिचं इंजिन वरून उघडलेलं, आणि त्यांच्या डाव्या तळहातावर पिस्टनच्या रिंगेचे दोन तुकडे.

"बिडाची असते रिंग," ते तुकड्यांकडे बघत म्हणाले. "ठिसूळ."

"ते मला माहीत आहे. परवापासून तुम्हीच सांगताय. पिस्टनवर चढवताना जरा जास्त फाकवली की मोडते, हेही तुम्हीच सांगितलंत."

"मग, मोडली."

यजमान मीटर रीडर होते. अठ्ठावीस वर्षं याच गाडीवरून घरोघर जाऊन त्यांनी विजेची मीटरं वाचली, म्हणून सगळी गल्ली त्यांना मीटरवालेच म्हणायची. गाडीला त्यांनी दुसऱ्याचा हात म्हणून लागू दिला नव्हता. सिलिंडर आतून झिजला, गाडी धूर ओकायला लागली आणि घोटाघोटानं तेल प्यायला लागली, तेव्हा नाक्यावरच्या मिस्त्रीकडे ते गेले ते फक्त सिलिंडर यंत्रावर घासून आणायला. बाकीचं घरी, आपल्या हातानं. हे मॉडेल बंद पडून जमाना झाला होता. मिस्त्रीनं सगळी फडताळं उपसून नवा पिस्टन काढला आणि रिंगांचे दोन संच. "एवढेच," तो म्हणाला होता. "हे संपले की गाडी भंगारात, नाहीतर दिवाणखान्यात शोभेला."

त्यातला एक संच आत्ताच निकालात निघाला होता.

मीटरवाल्यांनी उजवा हात मांडीखाली घातला. सिस्टरनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या बशीत चहा जास्त आणि कपात कमी असायला लागला, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. स्वतःच्या गुडघ्याचं निमित्त काढून तिनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "वयाची थरथर आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरायचं कारण नाही. पण जाणारही नाही." घरी आल्यावर मीटरवाल्यांनी तिच्याकडून शब्द घेतला की हे कोणाला कळता कामा नये. लेकीला नाही, शेजाऱ्यांना नाही आणि मिस्त्रीला तर अजिबात नाही. तेव्हापासून कोणी आलं की ते चहाला नको म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, मीटरवाल्यांनी चहा सोडला, वा!

आता त्यांनी दुसऱ्या संचाची पुडी उचलली. पुडीचा कागद सळसळायला लागला.

"थांबा," सिस्टर म्हणाली. "मी करते."

"तू?"

"का? माणसं उघडून बंद करताना बघितलीत मी. हे तर यंत्र आहे."

"बघणं वेगळं, करणं वेगळं."

ते सहज बोलून गेले, पण सिस्टरला ते नेमकं लागलं. चौतीस वर्षं ती टेबलाच्या या बाजूला उभी राहिली. कात्री, चिमटा, दोरा, कात्री. पोट कोणी उघडलं, टाके कोणी घातले, तर डॉक्टरांनी. बाहेर नातेवाईक डॉक्टरांचे हात हातात घेऊन रडायचे आणि तिला म्हणायचे, "सिस्टर, जरा बाजूला होता का?" तिला त्याचा राग नव्हता. डॉक्टर चांगलेच होते बिचारे. पण एखादं काम आपण आपल्या हातानं उघडावं, आपल्या हातानं करावं आणि आपल्याच हातानं बंद करावं, असं तिला कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षापासून वाटत होतं. मग निवृत्तीचा दिवस आला, फुलांचा गुच्छ मिळाला, आणि ते राहूनच गेलं.

"अहो, एकदा करू द्या मला," ती म्हणाली. आवाजात एवढी आर्जवं तिनं लग्नानंतर कधी आणली नव्हती.

मीटरवाल्यांनी पुडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हा शेवटचा संच आहे, सिस्टर." घरातही ते तिला सिस्टरच म्हणायचे. "हा मोडला तर गाडी गेली."

"माहीत आहे."

"मग घे."

पुढचा अर्धा तास नुसता तयारीत गेला. सिस्टरनं कांदा झाकून ठेवला, केस घट्ट बांधले आणि कोपरापर्यंत हात धुतले. धुतले म्हणजे इतके धुतले, की मीटरवाल्यांनी दोनदा न्हाणीघराच्या दाराशी येऊन आत सगळं ठीक आहे ना, याची खात्री केली. मग तिनं हिरवी चादर अंथरली, तिच्यावर स्टीलचे ट्रे मांडले आणि सगळे पान्हे, पक्कड, नट आणि वॉशर ओळीनं लावले, जे आधी लागणार ते जवळ आणि जे नंतर लागणार ते लांब. नंतर सिलिंडर घेतला. तो रॉकेलनं धुतला. गरम पाण्यानं आणि साबणानं धुतला. वरून स्पिरिटच्या बोळ्यानं इतका पुसला, की शेवटचा बोळा आत जाऊन आला तो जसाच्या तसा पांढरा. पिस्टनचीही तीच गत केली.

"आता ऐका," ती नवऱ्याला म्हणाली. "मी मागेन तेवढंच द्यायचं. मध्ये बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. नाक खाजवायचं नाही."

"आणि खाज आली तर?"

"सोसायची."

वरच्या मजल्याच्या गॅलरीत एव्हाना काकू आल्या होत्या. इमारतीत कुठंही काही घडत असलं की ते संपेपर्यंत उभं राहायचं, हा काकूंचा नेम. "काय सिस्टर," त्यांनी वरूनच विचारलं, "आज घरीच बाळंतपण का?"

"तसंच समजा," सिस्टर म्हणाली आणि कामाला लागली.

सगळ्यात खालची रिंग आधी. मग मधली. प्रत्येकीवर एक बारीक खूण असते आणि ती वरच्या बाजूला यावी लागते, हे तिला ठाऊक होतं. गेली तीस वर्षं मीटरवाले हे सगळं गाडीशी मोठ्यानं बोलत बोलत करायचे आणि ती स्वयंपाकघरात ऐकायची. राहिली सगळ्यात वरची, मघाशी पहिल्या संचातली मोडली होती ती. दोन्ही अंगठ्यांची नखं तिनं रिंगेच्या फटीत घातली आणि झोपलेल्या बाळाची मूठ सोडवावी तशी ती रिंग उघडली. अगदी लागेल तेवढीच. मीटरवाल्यांनी श्वास रोखला. काकूंनीही रोखला असावा, कारण वरून काहीच ऐकू येईना. रिंग पिस्टनवरून खाली सरकली आणि आपल्या खाचेत जाऊन बसली.

"चिंधी."

मीटरवाल्यांनी चिंधी दिली. तिनं ती इंजिनाच्या उघड्या तोंडात कोंबली, म्हणजे बारीकसारीक काही आत पडायला नको. पिस्टन जागेवर बसवला, त्याची पिन घातली, पिनेच्या दोन्ही टोकांना दोन लॉक लावले.

"आत चिंध्या किती घातल्या?"

"एक."

"ही काढली. किती?"

"एकच."

"मोठ्यानं बोला. लॉक किती होते?"

"दोन. दोन्ही बसले." मीटरवाले आता शाळकरी पोराइतके ताठ उभे होते.

मोजणी बरोबर लागल्याशिवाय तिनं आयुष्यात कोणाला पोट शिवू दिलं नव्हतं. एका नामांकित सर्जनला तिनं एकदा बावीस मिनिटं सुई हातात धरून उभं केलं होतं, एका कापसाच्या घडीसाठी. घडी सापडली, पण तिचे आभार मानायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तिन्ही रिंगांची तोंडं, म्हणजे त्यांच्या फटी, तिनं तीन दिशांना फिरवली, सिलिंडर वरून हळूहळू उतरवला, बोटांनी एकेक रिंग आत दाबली आणि सिलिंडर बुडाशी टेकला. मग हेड, म्हणजे वरचं झाकण, मग टायमिंगच्या खुणा जुळवून साखळी, मग नट. एक या कोपऱ्याचा, एक समोरच्या, थोडे थोडे, सगळे सारखे. दोन वाजता तिनं पान्हा खाली ठेवला आणि पाठ सरळ केली. मीटरवाल्यांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं की तिनं लाजून पदर सारखा केला.

"मारा किक," ती म्हणाली.

मीटरवाल्यांचे पाय अजून ठणठणीत होते. त्यांनी किक मारली. गाडी ढिम्म. दुसरी मारली, तिसरी मारली. दहाव्या किकेला ते घामाघूम झाले आणि थांबले.

"पेट्रोल येतंय?"

"येतंय."

"ठिणगी?"

"प्लग काढून बघितला. फटाक पडतेय. पण किक पोकळ जातेय. पाय टाकला की नुसता खाली जातो. आत दाबच धरत नाहीये."

दाब धरायचं काम रिंगांचं. आत उतरवताना मोडली की काय? आवाज तर आला नव्हता. की तिच्या कानांचंही आता वय झालं?

"मिस्त्रीला बोलावणं धाडू का हो?" वरून काकू.

सिस्टरनं उत्तर दिलं नाही. ती पायरीवर जाऊन बसली. तिला फार वाईट वाटत होतं. कधीकधी थिएटरमध्ये व्हायला नको ते व्हायचं, तेव्हा सर्जन हातमोजे काढून कोणाशीही न बोलता निघून जायचे आणि ती मनात म्हणायची, काय दगडाचं काळीज आहे. आज पहिल्यांदा तिला कळलं की ते का बोलत नव्हते. बोलायला तोंडात काही नसायचंच. शेवटचा संच होता. आपण हट्ट केला नसता तर मिस्त्रीनं तो नीट बसवला असता, आणि यांची गाडी वाचली असती.

तिनं मान वर केली. मीटरवाले समोर उभे होते, मघापासून उभे होते तसेच. त्यांच्या डाव्या हातात काहीतरी होतं.

"तुमच्या हातात काय आहे ते?"

"हे? तेलाची कुपी."

"कशाला?"

"तू मागशील म्हणून."

"कधीपासून धरून उभे आहात?"

"तू पहिली रिंग घेतलीस तेव्हापासून. किका मारताना तेवढी खिशात ठेवली होती."

सिस्टर उठून उभी राहिली. पिस्टनला, रिंगांना, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला तेलाचा हात फिरवायचा असतो. तेलाचा थर असला तरच रिंगा भिंतीला धरतात आणि दाब राहतो. हे तिनं तीस वर्षं ऐकलं होतं. आणि तिनं काय केलं होतं? स्पिरिटनं पुसून पुसून सगळं असं कोरडं ठणठणीत केलं होतं, की आत तेलाचा थेंब औषधालाही शिल्लक नव्हता.

"अहो! मग बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस, मागेन तेवढंच द्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही."

"मागायच्या आधी हातात ठेवायचं असतं! चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

"ते मला काय माहीत? मी आज पहिल्याच दिवशी कामावर आलोय."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. मग तिला हसू फुटलं. तिचं हसू बघून मीटरवाल्यांना फुटलं, आणि दोघंही त्या व्हरांड्यात गाडीला धरून असे हसायला लागले की वर काकूंना वाटलं, गाडी गेल्याच्या दुःखात दोघं रडतायत. "असं करू नका हो," त्या कळवळून म्हणाल्या, "वस्तूच आहे शेवटी!"

हसणं ओसरल्यावर मीटरवाले हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का? मला वाटलं तुझी काही वेगळी पद्धत असेल. आणि सकाळी माझ्या हातून ती मोडल्यावर तुला काही शिकवायचं तोंडच उरलं नव्हतं मला."

सिस्टरनं त्यांच्या हातातली कुपी घेतली. "आता बोला. मी चुकले की लगेच बोलायचं. नियम बदलला."

"मग एक बोलू? प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं तरी काम भागेल. पुन्हा उघडायला नको. उघडताना, बसवताना रिंग मोडायची भीती आहे."

ती क्षणभर थांबली. सोपं होतं आणि चाललंही असतं. पण दहा-बारा किका कोरड्या गेल्या होत्या. आत ओरखडा पडला असला तर?

"नाही," ती म्हणाली. "आत काय झालंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ही गाडी घरी सोडणार नाही."

"ती घरीच आहे."

"तुम्ही पान्हा द्या."

पुन्हा सगळे नट, पुन्हा हेड, पुन्हा सिलिंडर. या वेळी काकू खालीच आल्या आणि न विचारता विजेरी धरून उभ्या राहिल्या. सिस्टरनं सिलिंडर उजेडात धरून आत बोट फिरवलं, नखानं चाचपलं. ओरखडा नव्हता. रिंगा तिन्ही अख्ख्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं बोटानं तेल घेतलं आणि आतली सगळी भिंत गोल गोल फिरवत माखली, रिंगा माखल्या, पिस्टनच्या अंगाला लावलं. मीटरवाले बोलत होते. "खाली पण. हां. पिनेपाशी थोडं. बास." सिलिंडर उतरवताना वरच्या रिंगेनं जरा खळखळ केली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं पिस्टनला आधार दिला. तो हात शांत होता. रिंग आत गेली.

मोजणी झाली. नट आवळून झाले. ऊन कलतीला लागलं होतं.

पहिली किक मारताना मीटरवाल्यांचा पाय अर्ध्यावर अडला. ते वळून सिस्टरकडे बघत म्हणाले, "धरला! दाब धरला!" दुसऱ्या किकेला गाडी फुरफुरली. चौथीला तिनं एक मोठा उसासा टाकला, आणि सुरू झाली.

आणि धूर! आत माखलेलं तेल जळायला लागलं, निळा धूर व्हरांडाभर पसरला, काकू खोकता खोकता टाळ्या वाजवायला लागल्या आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या पटापट लागल्या. "जाऊ दे जळून, जाऊ दे!" मीटरवाले ओरडत होते. हळूहळू धूर विरळ झाला, पातळ झाला, आणि पूर्ण थांबला. मागच्या नळीतून आता नुसती गरम हवा येत होती. इंजिन एका लयीत चालत होतं, टकटक नाही की घरघर नाही. सिस्टरला वाटलं, आता या क्षणी कोणी आपल्याला गुच्छ दिला असता तर तो आपण मनापासून घेतला असता.

आवाज ऐकून नाक्यावरचा मिस्त्री हात पुसत पुसत आला. त्याच्यामागून गल्लीतले आणखी पाच-सहा जण आले. मिस्त्रीनं गाडीजवळ कान नेला, रेस वाढवली, सोडली, मागच्या नळीपाशी तळहात धरून बघितला. मग तो सरळ उभा राहिला.

"मीटरवाले," तो म्हणाला, "मानलं. या वयात! माझ्याकडची माणसं चार-चार रिंगा मोडतात. काय हात आहे हो तुमचा!"

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. काकू काहीतरी सांगायला पुढं झाल्या, पण सिस्टरनं डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. तिनं शब्द दिला होता. असू दे, तिला वाटलं, गाडी सुरू झाली ना. बाजूला उभं राहायची तिला सवय होती, आणि आज तर ते जडही गेलं नसतं.

मग मीटरवाल्यांनी उजवा हात पुढं केला, सगळ्यांच्या समोर, बोटं पसरून. हात थरथरत होता. चांगला दिसेल इतका थरथरत होता.

"हा हात?" ते म्हणाले. "हा आता चहाचा कपसुद्धा धरत नाही. तीन महिने झाले. तुम्ही दिलेल्या दोन संचांपैकी एक यानंच मोडला. हे इंजिन हिनं बांधलंय, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी नुसतं सामान द्यायला होतो."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. मिस्त्रीनं त्या हाताकडे पाहिलं, मग सिस्टरकडे वळला, आणि का कोण जाणे, स्वतःचे पुसलेले हात त्यानं पुन्हा एकदा पँटला पुसले.

"बाई," त्यानं विचारलं, "वरच्या रिंगेचं तोंड कुठल्या बाजूला ठेवलंत?"

"मागच्या," सिस्टर म्हणाली. "तिघींची तोंडं तीन दिशांना आहेत. एकीसमोर एक नाही."

"बरोबर," मिस्त्री म्हणाला. "बरोबर केलंत." आणि मग दुसऱ्या रिंगेबद्दल विचारलं, नट किती आवळले ते विचारलं, आणि ती एकेकाचं उत्तर देत गेली. थिएटरच्या बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरांना लोक विचारायचे तसं आज तिला कोणी विचारत होतं, आणि तिला सगळं सांगता येत होतं.

मीटरवाल्यांनी आपला उजवा हात तसाच नेऊन गाडीच्या टाकीवर ठेवला. गाडी सुरूच होती, टाकी थरथरत होती आणि तिच्यावरचा हातही. त्यातली गाडीची थरथर किती आणि हाताची किती, हे आता तिथल्या कोणाला सांगता आलं नसतं. मिस्त्रीशी बोलता बोलता सिस्टर तिकडे बघत राहिली, आणि इंजिन बंद करा असं तिनं बराच वेळ म्हटलं नाही.